एकच माग, शनिवार-रविवारचे क्लास आणि स्वतःचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्सटाइल डिझाइनचा डिप्लोमा झालाय, सोलापुरात टॉवेल कारखान्यात डिझायनर आहात, घरी चार पावड्यांचा (पायाने दाबायच्या पट्ट्यांचा) २४ इंची हातमाग आहे. सुट्टीच्या दिवशी विणकाम शिकवायचं आणि भिंतीवर लावायचं स्वतःचं कामही करायचं. एका मागावर दोन्ही भागेल का?

दोन्ही जमेल, पण एका मागावर नाही. माग तुमच्यासाठी ठेवा आणि क्लास लाकडी चौकटींवर घ्या. आठ जणांचा क्लास धरला तर मागावर एक जण बसला की बाकीचे सात बघत उभे राहतात. शिवाय प्रत्येकाचा ठोका, म्हणजे विणलेला धागा फणीने दाबायचा जोर, वेगळा पडतो. त्याच ताण्यावर (मागावर लावलेल्या उभ्या धाग्यांवर) तुमचा तुकडा असेल तर पट्ट्यापट्ट्यांनी घट्ट-सैल दिसतो आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

चौकट ४० × ५० सेंमी पुरते. खिळे ५ मिमी अंतरावर, पण एका ओळीत ठोकू नका, लाकूड चिरतं. दोन ओळींत आडवेतिडवे ठोका. ३० सेंमी रुंदीला ६० धागे होतात, म्हणजे माणशी साधारण ३५ मीटर जाड सुती दोरा. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, १५० ते २०० ग्रॅम माल लागतो. तो विकत कशाला आणायचा? रेपियर मागांवर (धोट्याशिवाय चालणाऱ्या यंत्रमागांवर) कापडाच्या बाजूला जी फालतू कड निघते ती आणि सुताचे उरलेले कोन शहराच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत वजनावर मिळतात. तुमच्याच कारखान्यातून उचलायचं असेल तर मालकाला आधी विचारा. एक लक्षात ठेवा, सूत लोकरीसारखं दबत नाही. ताणा पूर्ण झाकायचा असेल तर खिळे एकाआड एक वापरा.

नवशिक्यांचं हमखास बिघडतं ते कडेला. ३० सेंमीवर सुरू केलेला तुकडा वरपर्यंत २४ वर येतो. बाणा सरळ ताणून टाकला की तो ताण्याच्या खालून-वरून जाताना कमी पडतो आणि कड आत ओढतो. उपाय साधा आहे. बाणा डोंगरासारखी कमान करून टाकायचा आणि मधूनमधून दाबत बाजूंकडे यायचं. दर ५ सेंमीला टेपने रुंदी मोजायला सांगा. अर्धा सेंमी आत आलं की तेवढं उसवायचं, 'पुढे भरून निघेल' म्हणणाऱ्याचं कधीच भरून निघत नाही.

पहिल्या दोन तासांत फक्त ताणा लावून होतो, विणकाम नाही. हे जाहिरातीतच लिहा, नाहीतर लोक हिरमुसतात. अ‍ॅनी अल्बर्स या विणकलाकार १९३३ ते १९४९ अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवत होत्या. त्या विद्यार्थ्यांना माग सोडून कागद टोचून, मक्याचे दाणे मांडून पोत तयार करायला लावत. ताणा लावून कंटाळलेल्या हातांना हा सराव चांगला.

आता तुमच्या मागाचं. नोकरी सांभाळून करायचं तर ताणा एकदाच लांब लावा. २/२० च्या सुताला (२० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेलं) साध्या विणीत इंचाला ३२ धागे धरा. २४ इंचांना ७६८ धागे झाले. मीटरभराचे तीन तुकडे हवे असतील तर ३ मीटर, विणीत आटतात ते ३० सेंमी, धुतल्यावर आटतात ते २० सेंमी, तुकड्यांमधल्या झालरींना ३० सेंमी आणि शेवटी मागावर वाया जाणारे ७० सेंमी. बेरीज साडेचार, ५ मीटर लावा. २/२० म्हणजे हिशेबाला १० नंबर, किलोला सुमारे १६,९०० मीटर. ७६८ × ५ = ३८४० मीटर, म्हणजे २३० ग्रॅम. तुटफूट धरून ३०० घ्या. संपल्यावर ताणा पूर्ण काढू नका. वहिफणीत (धागे उचलणाऱ्या वह्या आणि ते समान अंतरावर ठेवणारी फणी) जुने धागे ३० सेंमी राहू द्या आणि नवे त्यांना गाठीने जोडा. पुन्हा ओवायचा दिवस वाचतो.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात धागा सारखा तुटेल. हात वाईट नाही, हवा कोरडी आहे, आणि सुताला दमटपणा नसला की ते कमजोर पडतं. खोलीत ओली पोती टांगा, पहाटे विणा, ताण्याला पातळ खळ द्या. थेट पाणी शिंपडू नका, खळ चिकटून धागे एकमेकांत अडकतात. उन्हाळी शिबिरं नेमकी याच दिवसांत येतात, म्हणून चौकटींना दोरा जाडच हवा.

मागावर नवं काय करायचं हे अडलं तर मुंबईच्या विणकलाकार मोनिका कोरिआ यांचं काम बघा. त्या विणता विणता फणी काढतात. मग ताण्याचे धागे सरळ न राहता वाहत्या पाण्यासारखे वळतात. त्यासाठी स्वतंत्र छोटा ताणा लावा, आधी सांगितलेल्या पाच मीटरच्या ताण्यावर प्रयोग नको.

शाळेत कलाशिक्षक व्हायचा विचार असेल तर नुसता टेक्सटाइल डिप्लोमा पुरत नाही, ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) विचारतात. खासगी क्लासला अट नाही. आणि स्वतःच्या कामाच्या लेबलवर 'सोलापुरी चादर' लिहू नका. ते भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे, तुमची भिंतीवरची वीण त्यात बसत नाही.

गिऱ्हाइकाला देण्याआधी तुकडा आठवडाभर टांगून ठेवा. जड बाणा असेल तर मधोमध झोळ पडतो. वर कापडाची नळी शिवून त्यात लाकडी काठीऐवजी अ‍ॅल्युमिनियमची चपटी पट्टी घाला, काठी पावसाळ्यात वाकते.