माझी बॅच फाईल (विंडोजच्या कमांडची स्क्रिप्ट) डीआयआरने फाईलींची यादी काढून एकेक फाईल डेलने पुसते, पण त्यात मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. कोणतं कोड पेज (कोणता बाइट म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवणारा तक्ता) लावू?

६५००१, म्हणजे युनिकोडचं यूटीएफ-८. पण त्याआधी ती स्क्रिप्ट चालवणं थांबवा.

डीआयआरची यादी टेक्स्ट फाईलमध्ये घेऊन तुम्ही फॉर लूपने एकेक नाव डेल करताय. कन्सोल (कमांडची काळी खिडकी) ४३७ या जुन्या कोड पेजवर असेल, तर त्या कोड पेजात देवनागरी नसल्यामुळे ‘मराठी’ या नावाची पाच प्रश्नचिन्हं होतात: म, र, काना, ठ, वेलांटी. आणि डेलच्या लेखी प्रश्नचिन्ह म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’. म्हणजे पाच प्रश्नचिन्हं डॉट टीएक्सटी असा हुकूम गेला, की पाच किंवा त्याहून कमी अक्षरांच्या नावाची प्रत्येक टेक्स्ट फाईल उडते. न विचारता, आणि रिसायकल बिनमध्येही न जाता. आधी डेलच्या जागी एको (नाव फक्त स्क्रीनवर दाखवणारी कमांड) ठेवून नावं नीट येताहेत का बघा.

प्रश्नचिन्हाऐवजी ग्रीक अल्फा, टोपीवाला एन असला कचरा दिसला तर घाबरू नका. ‘म’चे यूटीएफ-८ मधले तीन बाइट ४३७ च्या चष्म्यातून तसे दिसतात, माहिती शाबूत असते. प्रश्नचिन्ह झालं की मात्र मूळ अक्षर गेलंच.

‘सीएचसीपी ६५००१’ ही कोड पेज बदलणारी ओळ सगळ्यात वर, एकटी लिहा. फाईल यूटीएफ-८ मध्ये, पण बीओएमशिवाय (म्हणजे फाईलच्या सुरुवातीला एन्कोडिंग सांगणारी खूण न घालता) सेव्ह करा. नाहीतर सुरुवातीचे तीन बाइट पहिल्याच कमांडला चिकटतात आणि ती ओळखली जात नाही. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड बीओएमशिवायच सेव्ह करतं, जुनं करत नव्हतं. पॉवरशेल ५.१ (विंडोजचीच दुसरी कमांड-भाषा) च्या स्क्रिप्टला नेमका उलटा नियम: तिथे बीओएम हवाच. ओळींचा शेवट सीआर-एलएफ (ओळ संपल्याची विंडोजची दुहेरी खूण) ठेवा, नुसत्या एलएफवर गोटू या उडी मारणाऱ्या कमांडला लेबलं सापडेनाशी होतात.

‘फाईलींची नावं इंग्रजीतच ठेवा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. एनटीएफएस ही विंडोजची फाईल-व्यवस्था नावं युनिकोडमध्येच साठवते, तिला मराठी परकी नाही. दोष मधल्या कोड पेजचा असतो आणि शिक्षा नावाला होते.

मराठीची खरी अडचण वेगळीच आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ एका कीबोर्डवरून एकसंध येतो, दुसऱ्यावरून र अधिक नुक्ता (खालचा ठिपका) असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण फाईल आहे का बघणाऱ्या इफ एक्झिस्टला त्या दोन वेगळ्या फाईली. त्यामुळे असं नाव स्क्रिप्टमध्ये हाताने टाइप करू नका, एक्सप्लोररमधून कॉपी करा.

जुन्या काळ्या खिडकीत जोडाक्षरं तुटलेली किंवा चौकोन दिसतील. तेवढ्यावरून स्क्रिप्ट चुकली असं समजू नका, आउटपुट फाईलमध्ये घेऊन नोटपॅडमध्ये तपासा. रीजन सेटिंगमधला यूटीएफ-८ चा बीटा पर्याय सगळ्या मशीनला लागू होतो. जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टवर चालणारी डीटीपी सॉफ्टवेअर त्यावर असतील, तर तो चालू करू नका.