क्री-लॉक्स या डीएनएचा ठरावीक भाग काढण्या-उलटवण्याच्या तंत्रात डीएनए कापला जातो, मग पेशीत तुटकी टोकं का राहत नाहीत?

कारण कापलेलं टोक क्री मोकळं सोडतच नाही, स्वतःला बांधून ठेवतं.

क्री हे पी१ या जिवाणूभक्षी विषाणूचं प्रथिन. ते लॉक्सपी नावाचा ३४ बेस-जोड्यांचा क्रम ओळखतं: दोन्ही कडांना १३-१३ जोड्या, मधे ८. प्रत्येक कडेवर एक क्री बसतं, म्हणजे दोन लॉक्सपी जवळ आल्या की चौघांची चौकडी जमते. पण एका वेळी कापतात दोघंच. त्यांच्यातलं ३२४ व्या क्रमांकाचं टायरोसिन हे अमिनो आम्ल डीएनएच्या कण्यातल्या फॉस्फेटला जाऊन चिकटतं. तुटलेल्या बंधाची ऊर्जा या नव्या बंधात शिल्लक राहते, त्यामुळे पुन्हा जोडायला एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) लागत नाही. (मला तरी यातली हीच सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.) धाग्याचं दुसरं, सुटं टोक समोरच्या डीएनएशी जुळतं आणि चार फाट्यांचा हॉलिडे जोड तयार होतो. मग चौकडीचा आकार किंचित बदलतो, इतका वेळ गप्प बसलेले दोघं कामाला लागतात आणि उरलेल्या दोन धाग्यांचीही अदलाबदल होते.

पुढे काय होणार, हे मधल्या ८ जोड्यांच्या दिशेवर ठरतं. एकाच रेणूवरच्या दोन्ही लॉक्सपी एका दिशेला असतील तर त्यांच्यामधला भाग वर्तुळ होऊन बाहेर पडतो; विरुद्ध असतील तर जागच्या जागी उलटा होतो. उंदराच्या ठरावीक पेशींतूनच एखादं जनुक काढायचं असेल, तर पहिली तऱ्हा वापरतात.

क्रीसारखीच डीएनए कापून-जोडणारी प्रथिनं म्हणजे रिकॉम्बिनेज; त्यांच्यातल्या, टायरोसिनऐवजी सेरीन वापरणाऱ्या गटाची रीत निराळी: चारही धागे एकदम कापायचे आणि अर्धी जुडी १८० अंशांत फिरवायची!