हृदयातले छिद्र: थांबायचे कधी, थांबायचे नाही कधी

‘हृदयाला छिद्र आहे, काय करू?’ एवढ्याच मजकुराची पत्रे सतत येतात. छिद्र कुठे आहे, किती मिलिमीटरचे आहे, फुप्फुसांतला दाब किती आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) अहवाल सोबत पाठवत जा.

प्रश्न: मुलाला छत्री (शिरेतून नेऊन छिद्र बुजवणारे उपकरण) बसवून वर्ष झाले. आता गुडघ्याचा एमआरआय सांगितलाय. चालेल का?

उत्तर: बहुतेक छत्र्या निटिनॉल या मिश्रधातूच्या असतात, त्यांना चालतो. उपकरणाचे कार्ड तिथल्या डॉक्टरांना आधी दाखवा.

प्रश्न: बाळ ९ महिन्यांचे आहे. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला मोठे छिद्र आहे. पूर्वी दूध पिताना घामाने भिजायचे, आता शांत असते. घरचे म्हणतात, वयाबरोबर भरून येते. पुढची तपासणी लांबवली तर?

उत्तर: लांबवू नका. लहान छिद्रे पहिल्या काही वर्षांत पुष्कळदा आपोआप बुजतात, पण ते मोठ्या छिद्राला लावून मोकळे होऊ नका. मोठ्या छिद्रातून प्रत्येक ठोक्याला जादा रक्त फुप्फुसांत लोटले जाते. म्हणून बाळ चार घोट पिऊन थांबते, धापा टाकते, वजन धरत नाही. आता घाम थांबला, याचीच मला काळजी वाटते. छिद्र खरेच लहान झाले असेल तर उत्तम. पण जादा रक्ताच्या माऱ्याने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड होऊन आकसल्या, तरी तिकडे जाणारे रक्त घटते आणि बाळ सुधारल्यासारखे दिसते. स्टेथोस्कोपमधला आवाजही मंदावतो. हा फरक घरी कुणालाच कळणार नाही. तो इको सांगतो, गरज पडली तर कॅथेटरने (शिरेतून घातलेल्या बारीक नळीने) मोजलेला दाब सांगतो. बदल कायमचे झाले की रक्त उलट वाहू लागते, ओठ निळे पडतात आणि मग छिद्र बंद करणेच जिवावर बेतते. आणखी एक. या वयात मोठ्या छिद्राला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. छत्री बसावी म्हणून वजन वाढायची वाट पाहत बसू नका. याच आठवड्यात बालहृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: वय ३४. अहवालात ‘साइनस व्हिनोसस’ प्रकारचे छिद्र लिहिले आहे. एकीकडे शस्त्रक्रिया सांगितली, दुसरीकडे छत्रीची ‘चिरा नाही, टाके नाहीत’ अशी जाहिरात आहे.

उत्तर: छत्रीच्या दोन चकत्या छिद्राच्या कडा दोन्ही बाजूंनी धरून बसतात. तुमचे छिद्र बहुधा वरच्या महाशिरेच्या तोंडाशी असते. तिथे एका बाजूला धरायला कडच नसते. शिवाय उजव्या फुप्फुसाची एखादी शीर बहुतेकदा चुकीच्या जागी उघडते. नेहमीची छत्री इथे बसत नाही. काही मोजक्या केंद्रांत निवडक रुग्णांना आच्छादित स्टेंट (आवरण लावलेली जाळीची नळी) टाकतात, तोही सीटीवर शिरांची रचना तपासून. जाहिरातवाल्यांनी तुमचा सीटी मागितला का? नसेल, तर आधीच्या डॉक्टरांकडेच परत जा.

प्रश्न: छिद्र भरणारे थेंब मिळतात म्हणे?

उत्तर: असे औषध नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची उघडी राहिलेली डक्टस ही रक्तवाहिनी औषधाने मिटवता येते, पण ती रुग्णालयात, देखरेखीखाली. त्याचा दाखला देऊन थेंब विकणे ही फसवणूक आहे.

प्रश्न: छत्री बसवून चार महिने झाले. दाढ काढू का?

उत्तर: पहिले सहा महिने दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावे लागते. रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करू नका. दोन्ही गोष्टी हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच दाताची तारीख ठरवा.