बोरनहाण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

संक्रांत जवळ आली की लहान मुलांच्या घरांतून बोरनहाणाबद्दल, म्हणजे मुलाच्या डोक्यावरून बोरं-चुरमुरे घालण्याच्या विधीबद्दल, पत्रं येऊ लागतात. त्यातली काही निवडून इथे उत्तरं देत आहोत.

मुलगी ११ महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, बोरं, उसाचे करवे, हरभरे, शेंगा, रेवड्या, गोळ्या सगळं घालायचं. मला भीती वाटते. घरात ६-७ वर्षांची चुलत भावंडंही असतील. (एक आई, नाशिक)

तुमची भीती अगदी रास्त आहे. डोक्यावरून जे पडतं ते पुढच्या क्षणी तोंडात जातं, हे धरूनच सामान निवडावं. या वयाला दाढा नसतात, त्यामुळे शेंगदाणा किंवा हरभरा चावला जात नाही, अख्खाच मागे सरकतो. त्यात मूल रडत किंवा खिदळत असेल, तर जोरात आत घेतलेल्या श्वासाबरोबर दाणा श्वासनलिकेत जातो. शेंगदाणा तिथे फुगतो आणि आतला भाग सुजवतो. तो क्ष-किरणात बहुधा दिसतही नाही, दुर्बिणीने काढावा लागतो.

म्हणून चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या डोक्यावरून शेंगदाणे, हरभरे, रेवड्या, गोळ्या, सुटा हलवा आणि लहान बोरं घालू नयेत. करवेही नकोत, त्यांचा मारही लागतो आणि चोथाही घशात अडकतो. मग घालायचं काय? झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या भरपूर आणि चुरमुरे मूठभर. चुरमुरे लाळेत मऊ होतात, पण रडताना तोंडात कोंबले तर त्यांचाही ठसका लागतो, तेव्हा समोर बसून लक्ष ठेवा. उमराणसारखी मोठी बोरं चार-पाच घ्या, हाताने हळूच डोक्याला लावून मांडीत ठेवा आणि लगेच उचला. सासूबाईंचा शकुनही होतो.

बाकीचं सगळं सामान मोठ्या मुलांसाठी वेगळ्या टोपलीत ठेवा आणि लूट दुसऱ्या खोलीत होऊ द्या. १०-१२ मुलांना पाव किलो चुरमुरे आणि अर्धा किलो बोरं पुरतात. पाटाखाली मोठी चादर अंथरलीत तर शेवटी चारही कोपरे धरून सगळं एकदम उचलता येतं. तरी नंतर सोफ्याखाली, गालिच्याच्या कडेला वाकून बघाच. रांगणाऱ्या मुलाला तिथला एक दाणा दुसऱ्या दिवशी बरोबर सापडतो.

काही अडकलंच आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठीवर थापट्या मारू नका. आवाजच फुटत नसेल, चेहरा निळसर पडत असेल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा आणि दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध ५ दाब. अडकलेलं बाहेर पडेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा, दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ला फोन करायला सांगा. बाळ निपचित पडलं तर फोनवरच्या माणसाला तसं सांगून तो सांगेल ते करा. एक वर्षावरच्या मुलाला ५ थापांनंतर मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेला ५ झटके. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. आणि ठसका थांबला तरी नंतर खोकला किंवा श्वासात शिटीसारखा आवाज राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

घरी हलवा करते, पण काटा येत नाही. कधी गुळगुळीत राहतो, कधी नुसती पिठीसाखर होते. (एक आजी, सांगली)

दोन्हीचं मूळ आचेत आणि पाकाच्या मात्रेत आहे. पाव किलो साखर बुडेल इतकंच पाणी घाला, उकळी आली की चमचाभर दूध टाकून वर येणारी मळी काढा, पाक गाळा. तो एकतारीच्या अलीकडेच थांबवा आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट राखा. दोन मोठे चमचे तीळ किंवा साबुदाणा जाड बुडाच्या परातीत घ्या, परात तव्यावर आणि गॅस अगदी मंद. हात भाजता कामा नये. मग पाक एका वेळी छोटा चमचाच घाला, बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने फिरवा, दाणे पूर्ण कोरडे झाले की पुढचा चमचा.

पाक जास्त पडला की दाणे ओले राहतात, चिकटतात आणि एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. आच जास्त झाली किंवा पाक घट्ट असला की साखर दाण्याला धरण्याआधीच सुकते, तीच तुमची पिठी. ती अधूनमधून चाळून काढा आणि पाकात परत घाला. फार रगडून फिरवलं तर आलेला काटाही मोडतो. पहाटेच्या कोरड्या थंडीत काटा सुरेख येतो, दमट हवेत रुसतो. एका बैठकीत उरकायला जाऊ नका, दोन-तीन सकाळी लागतातच.

दागिने करायचे तर दाणे दुहेरी दोऱ्यात गाठीने पकडा आणि मागे मऊ सुती कापडाची पट्टी शिवा. काटा मानेला टोचतो, घामाने साखर चिकटते आणि पुरळ उठतं. मुकुट-बाजूबंदात तार, टाचणी, सुटे मणी नकोत. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला औक्षण आणि फोटो एवढ्यापुरतेच, दहा मिनिटं घालून काढून घ्या. दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर मुंबई-कोकणात दोन दिवसांत पाणी सुटतं.

पहिली मूठ पडताच मुलगा किंचाळून रडला, सगळं थांबवलं. यंदा दोन वर्षांचा होईल. (एक बाबा, ठाणे)

वरून अचानक काहीतरी पडतं, समोर वीस अनोळखी चेहरे, अंगात झालर टोचणारा काळा झबला आणि वेळ नेमकी झोपेची. दोन वर्षांच्या मुलाने रडू नये तर काय! दुपारची झोप आणि खाणं झाल्यावर, साडेचार-पाचच्या सुमाराला ठेवा. कपडा सुती असू द्या आणि आदल्या दिवशी तासभर घालून बघा. औक्षण झालं की आधी त्याच्या हाताने तुमच्याच डोक्यावर चुरमुरे टाकून घ्या. मग त्याला मांडीवर घेऊन आमटीच्या वाटीने, कपाळावर न येता डोक्याच्या मागच्या बाजूला, वीतभर उंचीवरून घाला. एका वेळी एकच बाई. तरीही रडला तर एक वाटी घालून आवरतं घ्या, विधी झाला.

मेलबर्नमध्ये राहतो. इथे बोरं मिळत नाहीत आणि जानेवारीत उन्हाळा. कधी करावं, काय वापरावं? (एक कुटुंब, ऑस्ट्रेलिया)

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी चालतं. रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, ती दरवर्षी सरकते: २०२५ मध्ये ४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीला. सोयीचा रविवार धरा. काळा रंग आपल्याकडच्या थंडीसाठी, तुमच्याकडच्या उकाड्यात काळ्या काठाचा पातळ सुती कपडा पुरे. बोरांऐवजी ब्लूबेरी किंवा द्राक्षं मात्र नकोत, गोल आणि गुळगुळीत असल्यामुळे ती सर्वात धोक्याची. चुरमुरे भारतीय दुकानात मिळतात, पाकळ्या मिसळा.

मोठ्या मुलाचं राहून गेलं, तो आता पाच वर्षांचा आहे. धाकटीबरोबर करता येईल का? (एक आई, धारवाड)

येईल, पाचव्या वर्षापर्यंत करतातच. फक्त दोघांना एका पाटावर बसवू नका. आधी धाकटीचं पाकळ्यांचं उरका, चादर उचला, तिला आत न्या आणि मग त्याच्यावर बोरं, शेंगा, करवे हवे तेवढे उधळा.