घोस्टचा कंटेनर काढून टाकला तर लेख जातात का?

प्रश्न थोडक्यात असा: छोट्या व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर, घोस्ट या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरने चालणारा ब्लॉग डॉकरमध्ये, एका ओळीच्या आज्ञेने, डेव्हलपमेंट मोडमध्ये (चाचणीसाठीच्या पद्धतीत) सुरू केला आहे. डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन. लेख लिहून झालेत. आता नवी आवृत्ती आणायची तर कंटेनर काढावा लागणार, मग लेखांचं काय? शिवाय ॲडमिन उघडायला गेलं की ब्राउझर लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच संगणकाच्या पत्त्यावर, जातो.

आधी भीतीचं बघू. कंटेनर कधीही काढता आला पाहिजे, तसा काढता येत नसेल तर मांडणी चुकली असं मी धरतो. घोस्टची अधिकृत इमेज, म्हणजे ज्या साच्यावरून कंटेनर बनतो तो, कंटेंट फोल्डर व्हॉल्यूममध्येच, म्हणजे कंटेनरबाहेरच्या डॉकरच्या साठ्यात, ठेवते. तुम्ही स्वतःहून कुठलं व्हॉल्यूम जोडलं नाहीत, तर डॉकर निनावी व्हॉल्यूम बनवतो. व्हॉल्यूमची यादी काढून बघा, ६४ अक्षरांचं हेक्स नाव असलेलं एखादं दिसेल. तुमचे लेख, चित्रं, थीम सगळं तिथे आहे. कंटेनर साधेपणाने काढला तर ते व्हॉल्यूम उडत नाही, पण नवा कंटेनर त्याला ओळखतही नाही, तो स्वतःसाठी दुसरं कोरं व्हॉल्यूम घेतो. तुम्हाला मात्र रिकामा ब्लॉग दिसतो आणि पोटात गोळा येतो. रन आज्ञेला कंटेनर आपोआप काढण्याचा आरएम पर्याय (--rm) दिला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कंटेनर थांबला की निनावी व्हॉल्यूमही सोबत जातं. तो पर्याय दिला होतात का, हे आत्ताच तपासा, आणि दिला असेल तर कंटेनर थांबवूच नका.

पुढची मांडणी कंपोज फाईलमध्ये, म्हणजे अनेक कंटेनर एकत्र चालवायच्या डॉकरच्या यादीत, करा. दोन सर्व्हिस: एक घोस्ट, एक मायएसक्यूएल ८ हा डेटाबेस. घोस्ट ५ पासून प्रॉडक्शनसाठी (खऱ्या वापरासाठी) फक्त मायएसक्यूएल ८ लाच पाठिंबा आहे. एसक्यूलाइट हा एका फाईलचा डेटाबेस डेव्हलपमेंटपुरता ठीक. मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी चालवणारे लोक आहेत, पण मी त्या वाटेला जाणार नाही. दोन्ही सर्व्हिसना नाव दिलेलं व्हॉल्यूम द्या किंवा होस्टवरचं फोल्डर जोडा. मला फोल्डर आवडतं, कारण बॅकअप घेताना डोळ्यांनी दिसतं.

डेटाबेसचा पत्ता लिहिताना लोकलहोस्ट लिहू नका. घोस्टच्या कंटेनरसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतःच. तिथे सर्व्हिसचं नाव द्यायचं, कंपोजच्या नेटवर्कमध्ये ते आपोआप सापडतं. आणि मायएसक्यूएलचा पासवर्ड फाईलमध्ये बदलला म्हणून बदलत नाही! एन्व्हायरन्मेंटमधला (कंपोज फाईलमधून कंटेनरला दिलेला) पासवर्ड फक्त पहिल्यांदा, डेटा फोल्डर रिकामं असताना वापरला जातो. नंतर बदलायचा तर डेटाबेसमध्ये शिरून बदलावा लागतो. ‘ॲक्सेस डिनाइड’ची अर्धी रडगाणी इथूनच निघतात.

पहिल्या सुरुवातीला आणखी एक गंमत होते. मायएसक्यूएल आतली तयारी करताना एक तात्पुरता सर्व्हर चालवतो, तो नेटवर्कवर ऐकत नाही. तुमचा हेल्थचेक (डेटाबेस तयार आहे का हे बघणारी तपासणी) लोकलहोस्टला पिंग करत असेल तर नेटवर्कऐवजी आतल्या सॉकेटवरून उत्तर येतं, कंपोजला वाटतं डेटाबेस तयार आहे, आणि घोस्ट जोडायला जाऊन आपटतो. हेल्थचेकमध्ये १२७.०.०.१ लिहा म्हणजे पिंग टीसीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरून, जाईल. घोस्टला ‘डेटाबेस हेल्दी झाल्यावरच सुरू हो’ अशी अट घाला.

आता लोकलहोस्टचं दुखणं. यूआरएल नावाचं व्हेरिएबल तुम्ही दिलेलं नाही, म्हणून इमेजमधला डीफॉल्ट, पोर्ट २३६८ चा लोकलहोस्ट, चालतोय. तिथे एचटीटीपीएससकट खरा डोमेन घाला. घोस्टच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन घोस्टला देणारा सर्व्हर, म्हणून मी कॅडी सुचवेन, एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं तो स्वतः आणतो आणि नूतनीकरणही करतो. त्याऐवजी एनजिनएक्स वापरणार असाल तर मूळ विनंती एचटीटीपीएसवरून आली हे सांगणारा फॉरवर्डेड-प्रोटो हेडर पुढे पाठवायला विसरू नका. तो नसला की घोस्टला वाटतं वाचक साध्या एचटीटीपीवरून आलाय, तो एचटीटीपीएसकडे पाठवतो, प्रॉक्सी परत साधीच विनंती देते, आणि ब्राउझर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणून हात वर करतो.

पोर्ट उघडतानाही जपून. कंपोज फाईलमध्ये नुसतं २३६८:२३६८ लिहिलंत तर यूएफडब्ल्यू या फायरवॉलने तो पोर्ट बंद केलेला असला तरी जगाला तो उघडाच राहतो, कारण डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो. त्या आकड्यांच्या आधी १२७.०.०.१: जोडा, म्हणजे पोर्ट फक्त सर्व्हरच्या आतूनच दिसेल. डेटाबेसचा पोर्ट तर बाहेर काढायचंच कारण नाही.

ईमेल टाळू नका. नव्या आवृत्त्यांत अनोळखी उपकरणावरून ॲडमिनमध्ये शिरताना घोस्ट ईमेलवर कोड पाठवतो. एसएमटीपी, म्हणजे ईमेल पाठवायची सोय, बसवलेलं नसेल तर स्वतःच्याच ब्लॉगबाहेर उभे राहाल. सदस्यांना न्यूजलेटर पाठवायचं असेल तर वेगळा हिशेब, त्यासाठी घोस्टला मेलगन ही ईमेल सेवा लागते.

इमेजचा टॅग ‘लेटेस्ट’ ठेवू नका, मोठ्या आवृत्तीचा आकडा लिहा. ५ वरून ६ वर जायचं तर आधी ५ ची शेवटची आवृत्ती गाठा, मग उडी. प्रत्येक वेळी डेटाबेसची रचना पुढे सरकते आणि जुना टॅग परत लावून ती मागे येत नाही. मागे यायचा रस्ता बॅकअपमधूनच. बॅकअप म्हणजे मायएसक्यूएलडंप या आज्ञेने काढलेली डेटाबेसची प्रत, सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्यायासह, आणि सोबत कंटेंट फोल्डर. चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं टार करून (एका फाईलमध्ये बांधून) ठेवलंत तर ते उघडेल याची खात्री नाही. कंपोज डाऊन बिनधास्त द्या, पण त्यापुढे व्ही (-v) लावू नका. ते अक्षर व्हॉल्यूम पुसतं.

या सगळ्याआधी आजचे लेख बाहेर काढा. ॲडमिनच्या सेटिंग्जमधून जेसन एक्सपोर्ट, म्हणजे लेखांची मजकुराची फाईल, घ्या. पत्ता लोकलहोस्टवर जात असल्याने त्यासाठी एसएसएच टनेलने (सर्व्हरपर्यंतच्या सुरक्षित जोडणीने) सर्व्हरचा पोर्ट २३६८ तुमच्या संगणकाच्या २३६८ वर आणा, म्हणजे तोच चुकीचा पत्ता चालून जाईल. एक्सपोर्टमध्ये चित्रं येत नाहीत, ती कंटेंटच्या इमेजेस फोल्डरमधून डॉकरच्या कॉपी आज्ञेने काढा, थीमही. सदस्यांची यादी सीएसव्हीत वेगळी निघते. नव्या मांडणीत जेसन इम्पोर्ट केल्यावर चित्रं त्याच फोल्डरमध्ये टाका, आणि फोल्डरची मालकी कंटेनरमधल्या नोड वापरकर्त्याकडे, म्हणजे आयडी १००० कडे द्या. नाहीतर पुढचं चित्र अपलोड करताना परवानगीची चूक येईल.