सिन्नर-नाशिक रोजच्या ये-जा साठी जुनी डिझेल बुलेट परवडेल का?

ॲव्हरेज लिटरला ७० च्या आसपास मिळेल, पण रोजच्या ये-जा साठी ही गाडी घेऊ नका. एनफिल्डची ही डिझेल बुलेट, टॉरस, म्हणजे ३२५ सीसीचं इंजिन आणि ताकद जेमतेम साडेसहा हॉर्सपॉवर. मोहदरी घाटात मागे माणूस असला की गिअर खाली टाकतच चढावं लागतं. डिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा थोडी जास्त, इंजिनात हवा दाबली जाण्याचं प्रमाण (कॉम्प्रेशन) ही जास्त, म्हणून ती कमी पिते. मी शेतातल्या पंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करतो, हे त्याच कुळातलं. टाकी कोरडी पडली आणि डिझेलच्या लाइनीत हवा शिरली, की इंजेक्टरचा (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचा) नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत किक मारत बसायचं. हौसेसाठी मात्र जरूर घ्या, फक्त आरटीओत री-पासिंग (जुन्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण) झालंय का ते आरसीवर आधी बघा.