आता मनातनंही सोडू?

“मॅडम, मनात राग धरून ठेवला की खरंच बीपी वाढतं का?” हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो, जरा घुश्शात: “मग काय, ज्यानं आमचं वाट्टोळं केलं त्याला माफ करून मोकळं व्हायचं?” माणसं खरी अडकलेली असतात ती या दुसऱ्या प्रश्नात. उत्तर म्हणून एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगतेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सोलापुरातला मे महिना, रस्त्यावर चिटपाखरू नाही अशा दुपारी त्या आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. घरीच साड्यांना फॉल-पिको करून देतात. दोन गोळ्या नियमित घेऊनही बीपी ताब्यात येईना. झोप तीन-चार तासांची, छातीत सतत जळजळ. ईसीजी आणि बाकी तपासण्यांत काळजीचं काही निघालं नव्हतं. त्यात दाढेचा टवका उडाला, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, “झोपेत दात खाता का?” शेवटी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच, मनावर काही ताण असेल म्हणून, माझ्याकडे पाठवलं.

पहिला अर्धा तास त्या फॉलच्या दरांबद्दल आणि सुनेबद्दल बोलल्या. मग मी माहेरचं विचारलं. काकूंचा जबडा असा आवळला गेला की गालावरचा स्नायू मला समोरून दिसला.

माहेर सोलापुरातल्याच उत्तर कसब्यातलं. वडील गेल्यावर धाकट्या भावानं हक्कसोडपत्रावर सही मागितली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही मुलाएवढाच वाटा असतो, हे त्यांना माहीत होतं. तरी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन त्यांनी सही केली. कडेवर खेळवलेला भाऊ, आणि तो म्हणाला होता, “ताई, माहेर तुझंच आहे.” तीन वर्षांनी काकूंच्या मालकांची अँजिओप्लास्टी करायची वेळ आली. त्यांनी भावाकडे पन्नास हजार उसने मागितले. फोन उचलला गेला नाही. भाऊ दवाखान्यात बघायलाही आला नाही. पुढच्याच महिन्यात त्यानं त्या घरावर दुसरा मजला चढवला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. बोलणं बंद, भाऊबीज बंद. भाजी आणायलाही त्या लांबच्या रस्त्यानं जायच्या, कारण जवळच्या रस्त्यावरनं तो दुसरा मजला दिसायचा.

मी विचारलं, “दिवसातनं किती वेळा आठवतं?”

“मशीनवर बसलं की आठवतंच. हात चालू, डोकं मोकळं. मग पाय पायडलवर जोरात पडतो आणि सुई मोडते. महिन्याला पाकीट संपतंय बघा.”

हे मी वहीत लिहून घेतलं. पिकोचं काम एकट्यानं करायचं, त्यामुळे रोज सहा तास भाऊ मशीनसमोर येऊन बसायचा.

पुढच्या वेळी मी बीपीचं यंत्र काढलं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प बसवून मोजलं: १३८/८६. मग म्हटलं, “दवाखान्यातली ती रात्र नुसती आठवा. बोलू नका.” बोलण्यानंही बीपी चढतं, म्हणून तोंड बंद ठेवायला सांगितलं. तीन मिनिटांनी १५६/९४. काकू आकड्याकडे बघतच राहिल्या. दहा मिनिटं खिडकीबाहेर बघत बसल्यावरही वरचा आकडा १५० च्या खाली येईना.

हे काही शास्त्रीय प्रयोग म्हणून केलं नव्हतं, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं एवढंच मनात होतं. पण याच स्वरूपाचा नीट प्रयोग अमेरिकेत मिशिगनमधल्या होप कॉलेजात झालाय. २००१ साली प्रसिद्ध झाला. शार्लट व्हिटव्हलिएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ विद्यार्थ्यांना, ज्यानं दुखावलं त्याच्याबद्दल कधी डूख धरून विचार करायला सांगितलं, तर कधी त्याची बाजू समजून घेत, माफ करत. डूख धरताना नाडी आणि रक्तदाब जास्त वाढले, कपाळावर आठी आणणारा स्नायू जास्त ताणला गेला, आणि यातला बराचसा परिणाम विचार थांबवल्यावरही रेंगाळला.

शरीराची बाजू साधी आहे. शेतात साप दिसला की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्तवाहिन्या आवळतात, पचन मागं पडतं. साप बिळात गेला की सगळं हळूहळू खाली येतं. आठवणीतला साप बिळात जात नाही. जुना अपमान जितक्या वेळा उगाळावा तितक्या वेळा शरीर पुन्हा अंग आवळून तयार होतं. रात्रीही तेच. झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरायला हवा, पण तीन तासांच्या तुटक झोपेत त्याला उतरायला सवड कुठली?

तरी मी काकूंना “तुमचं बीपी भावामुळे आहे” असं म्हटलं नाही, कारण ते खरं नाही. त्यांच्या आईला बीपी होतं, वय आहे, आणि रोज दोन्ही वेळा शेंगाचटणी-लोणच्यातनं मीठ जातंय. राग ही त्यावरची भर. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तुम्हालाही सांगते: छातीत दुखलं, दम लागला, तर “टेन्शनचं असेल” म्हणून घरी बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

आता दुसरा प्रश्न. चौथ्या भेटीत मी चुकले. घाई केली. “काकू, हे सोडून देता येईल का?” असं विचारून बसले. त्या ताडकन म्हणाल्या, “मी सोडलंच की ओ एकदा! सही करून सोडलं. आता मनातनंही सोडू? मग माझ्याकडं राहिलं काय?”

मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री मीच नीट झोपले नाही. घर गेलं, माहेर गेलं, आणि आपल्यावर अन्याय झाला याचा एकच पुरावा या बाईकडे उरला होता, तो म्हणजे हा राग. तो टाकून द्या म्हणणं म्हणजे त्यांच्याकडून दुसरं हक्कसोडपत्र लिहून घेण्यासारखंच झालं असतं.

पुढच्या भेटीत मी आधी माफी मागितली. मग म्हटलं, अन्याय झाला, हे कागदावर लिहून ठेवू, म्हणजे तो सांभाळायचं काम तुमच्या जबड्याला करावं लागणार नाही. चार दिवस, रोज वीस मिनिटं, एका जागी बसून लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात अभ्यासलेली ही रीत मी बऱ्याच जणांना देते. ती सगळ्यांना मानवत नाही. पहिले दोन दिवस जीव उलट जास्त घाबरा होतो, तेही आधी सांगते. काकूंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिलं. अकरा पानं झाली.

त्यात मला अपेक्षा नव्हती अशी एक ओळ होती. त्यांनी स्वतःच वाचून दाखवली. “पैशाचं नाही. तो यांना बघायला आला नाही.” त्या रडल्या. नऊ वर्षं रागाच्या बुडाशी दुःख होतं. त्याला कधी वाटच मिळाली नव्हती.

त्यानंतर कामाला दिशा आली. वकिलांना विचारायचं होतं, ते विचारून झालं: नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करून घेणं फार अवघड. काकूंनी दावा लावायचा नाही असं ठरवलं. लावला असता तरी माझी हरकत नव्हती. दाव्याला कागद लागतात, जळफळाट लागत नाही. डूख सोडला म्हणून हक्क सुटत नाही, आणि बोलणं पुन्हा सुरू करावंच लागतं असंही नाही. ज्यानं मारहाण केली, छळ केला, त्याच्या दारात “मन मोठं कर” म्हणून बाईला ढकलणारे नातेवाईक मी पाहिलेत. ते मला मुळीच मान्य नाही.

मशीनवरची एक युक्ती त्यांनी आपणच शोधली. भाऊ आठवला की पाय पायडलवरनं काढायचा, जीभ दातांच्या मध्ये हलकी ठेवायची म्हणजे दात आवळत नाहीत, आणि मोठ्यानं म्हणायचं, “आला बघा.” मग पुढची साडी. मी सुचवलेल्या श्वासाच्या व्यायामापेक्षा त्यांना याचाच उपयोग जास्त झाला.

दिवाळीत भाऊबीजेला त्या गेल्या नाहीत. मीही विचारलं नाही. त्या महिन्यातल्या डायरीत घरचे आकडे बहुतेक १३० च्या आसपास होते. त्यात मीठ कमी केल्याचा आणि डॉक्टरांनी बदललेल्या गोळीचाही वाटा आहे. झोप पाच-साडेपाच तासांवर आली होती.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा संपल्यावर त्या आल्या. माहेरच्या ओट्यावरून लहानपणी मिरवणुकीतले नंदीध्वज, म्हणजे त्या उंच काठ्या, बघायच्या, नऊ वर्षं तिकडं फिरकल्या नव्हत्या. या वर्षी अक्षतेच्या, म्हणजे यात्रेतल्या लग्नसोहळ्याच्या दिवशी नातीला घेऊन गेल्या, समोरच्या बाजूला एका दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, “बोला हर्र”चा गजर, गर्दी. ओट्यावर भाऊ होता.

“पार पिकलाय,” त्या म्हणाल्या. “बघितलं त्यानं मला. मी काठ्या बघत होते.”

“छातीत धडधडलं?”

“धडधडलं की. नात म्हणाली आजी उचलून घे, मग घेतलं उचलून.”

मग पर्समधनं त्यांनी सुयांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डिसेंबरात घेतलेलं. आत सहा सुया शिल्लक होत्या.